बैलांची वाट आणि पावसाळ्यातली गर्दी : सह्याद्रीच्या घाटांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे सह्याद्रीच्या घाटवाटांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेक कोकणातून, आणि त्यातही घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकांकडून आलेली आहेत. काही पत्रे इतिहासाविषयी आहेत, तर काही दर पावसाळ्यात दारासमोर लागणाऱ्या गाड्यांच्या रांगांविषयी. हे दोन विषय वेगळे नाहीत, असे माझे मत असल्यामुळे या अंकात त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी दापोली तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्याकडच्या घाटवाटा दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत असे मी वर्गात सांगते. एका विद्यार्थ्याने विचारले, "हे कशावरून?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याने योग्य तेच विचारले आहे. वाट स्वतःचे वय सांगत नाही. बैलांच्या खुरांनी कातळावर पडलेल्या झिजेवर साल लिहिलेले नसते, आणि एकच पायरी एका राजवटीत खोदलेली, दुसऱ्या राजवटीत दुरुस्त केलेली आणि तिसऱ्या राजवटीत नव्याने बसवलेली असू शकते. म्हणून घाटाचे वय ठरवताना वाटेकडे पाहण्याआधी वाटेच्या दोन्ही टोकांना लोकांनी काय लिहून ठेवले आहे, ते पाहावे लागते.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा कुडे येथील लेण्यांमध्ये आहे. ही बौद्ध लेणी रायगड जिल्ह्यात, तळा तालुक्यात, राजपुरीच्या खाडीजवळ आहेत. तेथील दानलेखांमध्ये राजघराण्याशी संबंधित माणसे आहेत तसे फुलमाळीही आहेत, आणि त्यांच्यात एक लोखंडाचा व्यापारी आहे. लेखात त्याचा धंदा 'लोहवाणिय' असा दिला आहे आणि गाव 'करहाकड' म्हणजे आजचे कऱ्हाड. कऱ्हाड कृष्णा-कोयनेच्या संगमावर, घाटावर. कुडे समुद्राच्या खाडीलगत, कोकणात. या दोन ठिकाणांच्या मधोमध सह्याद्रीची सबंध भिंत उभी आहे. लेखात घाटाचे नाव नाही, परंतु कऱ्हाडचा लोखंड विकणारा माणूस खाडीकाठच्या भिक्खूंना दान देतो, याचा अर्थ त्याचे येथे येणे-जाणे होते, येथे त्याचे गिऱ्हाईक होते आणि येथे आपले नाव कोरले जावे असे त्याला वाटत होते. घाट वाहता असल्याशिवाय असे दान घडत नाही. विद्यार्थ्यांना राजांच्या नावांपेक्षा हा लोखंडाचा व्यापारी अधिक लक्षात राहील.

दुसरा पुरावा नाणेघाटाचा. कल्याणकडून जुन्नरकडे चढणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील प्रदीर्घ लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नावाच्या नाण्यांच्या दक्षिणेची नोंद आहे. त्या आकड्यांमुळे भारतीय अंकचिन्हांच्या प्राचीन पुराव्यांमध्ये या लेखाची गणना होते. त्याच गुहेत राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आता केवळ पायांचे अवशेष आणि वरची नावे उरली आहेत. राजघराण्याने आपली प्रतिमा राजधानीत न ठेवता भर घाटाच्या तोंडाशी का उभारली असेल, याचा विचार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. ज्या वाटेवरून रोज अनोळखी माणसांचे तांडे जातात, तेथेच राजाला आपली ओळख द्यावीशी वाटते.

येथे एक दुरुस्तीही सांगतो. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात, ही माहिती सर्वत्र ऐकवली जाते. ती परंपरा आहे आणि परंपरा म्हणूनच सांगावी. गुहेतील लेख यज्ञांचा आणि दानांचा आहे, जकातीचा नाही. घाटात जकात घेतली जात असणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही "लेखात असे लिहिले आहे" असे मात्र म्हणू नये.

तिसरा पुरावा परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. त्यातच कल्याणविषयी अशी नोंद आहे की पूर्वी ती खुली बाजारपेठ होती, परंतु पुढे सत्ताबदलानंतर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात. म्हणजे घाट तोच, डोंगर तोच, परंतु खाली बंदरावर कोणाची सत्ता आहे, यावर वरच्या वाटेचे भाग्य ठरत असे. घाटांचा सबंध इतिहास याच सूत्राने वाचता येतो.

आपल्या दापोलीतच कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे एकोणतीस लेण्यांचा समूह आहे. कुडे दूर पडत असेल, तर वर्गाची सहल तेथे न्यावी.

प्रश्न : राजापूर, चिपळूण, महाड ही गावे समुद्रापासून इतकी आत असूनही जुन्या काळी बंदरे कशी होती? आणि त्यांचा घाटाशी नेमका संबंध काय?

उत्तर : कोकणचा नकाशा आडवा धरून पाहिला की या प्रश्नाचे उत्तर मिळते. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या थोडे अंतर वेगाने उतरतात आणि मग लांबच लांब खाड्या होतात. भरतीचे पाणी जेथवर आत येते, तेथवर गलबत किंवा मचवा येऊ शकतो. भरती जेथे संपते, तेथे माल उतरवावाच लागतो, आणि नेमकी त्याच ठिकाणाहून डोंगराची चढण जवळ असते. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर आणि विजयदुर्गच्या खाडीत खारेपाटण ही सगळी गावे अशाच ठिकाणी वसली आहेत. पाण्यावरचे ओझे बैलाच्या पाठीवर चढवण्याची ही गावे होत. चिपळूणच्या डोक्यावर कुंभार्ली, महाडच्या डोक्यावर वरंध, राजापूरच्या डोक्यावर अणुस्कुरा आणि खारेपाटणच्या बाजूला फोंडा अशी प्रत्येक खाडीला तिच्या घाटाची जोड आहे.

वर काय जात असे? सर्वांत आधी मीठ. घाटावरच्या माणसाला मिठावाचून गत्यंतर नाही आणि मीठ पिकते ते समुद्रकाठी. मिठाबरोबर नारळ, सुपारी, सुकी मासळी आणि बंदरात उतरलेला परदेशी माल. खाली येत असे तो गूळ, तूरडाळ, ज्वारी, तेल, कापड आणि घोंगड्या. हे ओझे गोणींमध्ये भरून बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना तोलून लादलेले असे, आणि शेकडो बैलांचा तांडा लमाण हाकत असत. 'लमाण' हे नाव 'लवण' म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात.

जकातीचा लेखी पुरावा हवा असेल, तर तो खारेपाटणला मिळाला आहे. शिलाहार राजा रट्टराजाच्या इसवी सन 1008 मधील ताम्रपटात परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून सोन्याचा एक गद्याण (त्या काळचे नाणे) घेऊन ते उत्पन्न मठाला द्यावे, अशी तरतूद आहे. एक हजार वर्षांपूर्वीच्या कोकणातील करव्यवस्थेचा इतका स्पष्ट कागद, खरे तर तांब्याचा पत्रा, आपल्या खाडीच्या टोकाला सापडावा, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती याच सोयीसाठी. खाडीतून जहाज आणि घाटातून कोल्हापूर-विजापूरचा बाजार, असा त्यांचा हिशेब होता. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांविरुद्ध तोफा डागण्यासाठी या वखारीतील इंग्रज वर गेले आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून त्यांना कैद केले. व्यापाराची वाट युद्धाचीही वाट होते, हे घाटांच्या बाबतीत वारंवार दिसते, आणि म्हणूनच विशाळगड, गगनगड, जीवधन यांसारखे किल्ले घाटांवर नजर ठेवून बसलेले आहेत.

हे सारे मोडले ते गाडीरस्ते आणि रेल्वे आल्यावर. बोरघाटातून 1830 मध्ये गाडीरस्ता सुरू झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली, आणि एकोणिसाव्या शतकात कोकणातील इतर मोठ्या घाटांनाही गाडीरस्ते झाले. ज्या घाटांना रस्ता मिळाला नाही, ते गुराखी, धनगर, बाजाराला जाणारी माणसे आणि पंढरीचे वारकरी यांच्यापुरते उरले. खाड्याही गाळाने भरत गेल्या. आज राजापूरच्या पुलावर उभे राहिले, तर येथे गलबते लागत असत, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही.

प्रश्न : रेवदंड्याला एका रशियन प्रवाशाचा स्मृतिस्तंभ आहे. तो प्रवासी येथून घाट चढून गेला होता काय?

उत्तर : होय. त्याचे नाव अफानासी निकितीन. तो त्वेर शहराचा व्यापारी होता आणि होर्मुझहून समुद्रमार्गे, विकण्यासाठी एक घोडा बरोबर घेऊन, 1469 च्या सुमारास चौलला उतरला. त्या काळी अरबी व इराणी घोडे चौल आणि दाभोळ येथे उतरत आणि घाटावरच्या बहमनी सरदारांना विकले जात. तो त्याच बाजारात आपले नशीब अजमावायला आला होता. चौलहून पाली, तेथून उमरी आणि तेथून जुन्नर असा आपला मार्ग त्याने टिपून ठेवला आहे. पालीचा उल्लेख तो डोंगराच्या पायथ्याचे गाव असा करतो.

जुन्नरला त्याला पावसाळा लागला आणि तो तेथेच अडकून राहिला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. त्याच काळात लोक नांगरतात व पेरतात, आणि घोड्यांना हरभरे व खिचडी घालतात, हेही तो नोंदवतो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलला तरच परत देईन, अशी अट घातली. खुरासानच्या एका मोठ्या माणसाने रदबदली केल्यावर घोडा त्याला परत मिळाला. पुढे तो बिदरला गेला आणि काही वर्षांनी दाभोळहून जहाजाने परतला.

त्याच्या वृत्तांतातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट घोड्याची नाही, तर त्या चार महिन्यांची आहे. व्यापारी असूनही, पैशाची निकड असूनही, त्याने पावसात पुढचा प्रवास केला नाही, कारण त्या काळी पावसात सहसा कोणी प्रवास करत नसे. पुढच्या एका उत्तरात याकडे पुन्हा यायचे आहे.

प्रश्न : नाळ, निसणी, सोंड, पाज हे शब्द घाटवाटांच्या नावांत येतात. त्यांत फरक आहे काय?

उत्तर : आहे, आणि तो पायांनी समजतो. सोंड किंवा दांड म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. तिच्यावरून वाट वळणे घेत चढते आणि पाणी दोन्ही बाजूंना निघून जाते. ओझ्याच्या बैलांचे घाट बहुधा अशाच ठिकाणी आढळतात. नाळ म्हणजे दोन कड्यांमधील अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेली घळ. पावसात तीच ओढा होते. निसणीच्या वाटेवर शिडी लावावी लागते. पाज हा शब्दही चढणीच्या वाटेसाठीच वापरतात. नाळ आणि निसणी या माणसांच्या वाटा आहेत, तांड्यांच्या नव्हेत. एवढे लक्षात ठेवले, तरी "हा प्राचीन व्यापारी मार्ग" असा फलक पाहिल्यावर तो खरा किती, याचा अंदाज आपला आपल्याला करता येतो.

प्रश्न : आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. जून ते सप्टेंबर दर शनिवार-रविवारी धबधब्यांसाठी शेकडो गाड्या येतात. गावातील काही तरुणांना त्यातून चार पैसे मिळतात, तर वडीलधारी माणसे संतापलेली असतात. लावणीच्या दिवसांत शेतापर्यंत पोहोचणे अवघड होते. मागे एकदा दरड कोसळली तेव्हा गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडकली. पर्यटन बंद करावे, की वाढवावे?

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. आपल्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत, आणि माझे उत्तर त्या दोहोंत बसत नाही. माझ्या मते गोंधळ पर्यटकांच्या संख्येत जितका आहे, त्याहून अधिक पर्यटनाच्या ऋतूत आहे.

घाटाचे जुने पंचांग आठवून पाहावे. मृग लागण्याआधी कोकणातील प्रत्येक घरात आगोट भरली जात असे. मीठ, मिरची, डाळ, सुकी मासळी, कांदे, सरपण, सगळे चार महिन्यांचे. माझ्या आजीच्या बोलण्यात "आगोटीच्या आत" हा शब्दप्रयोग कामाच्या अखेरच्या मुदतीसाठी येत असे. आगोटीच्या आत घर शाकारायचे, आगोटीच्या आत देणी फेडायची. आगोट भरायची याचा अर्थच असा की त्यानंतर बंदर बंद आणि घाटही बंद. नारळी पौर्णिमेला दर्या खुला होई, दसऱ्याला सीमोल्लंघन होई आणि ओसरलेल्या पावसात ढासळलेली वाट दुरुस्त करून तांडे पुन्हा चालू लागत. तेथून पुढे शिमग्यानंतरही, वैशाखापर्यंत, घाट वाहता असे. म्हणजे डोंगराला वर्षातून चार महिने माणसांच्या पायांपासून विश्रांती होती आणि पायथ्याच्या शेतकऱ्याला लावणीसाठी पूर्ण मोकळीक होती.

आजचे पर्यटन हे पंचांग नेमके उलटे करून बसले आहे. ज्या महिन्यांत डोंगर सर्वांत धोकादायक, शेतकरी सर्वांत व्यग्र आणि वाट सर्वांत नाजूक, त्याच महिन्यांत सर्वाधिक माणसे येतात; आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, जेव्हा आकाश स्वच्छ असते आणि गावाला हाताशी वेळ असतो, तेव्हा घाट ओस पडलेला असतो.

धोका हा शब्द मी भीती घालण्यासाठी वापरत नाही. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. घट्ट काळ्या कातळाच्या दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी लाल, मऊ मातकट थर असतो. कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी अशा थरावर साचते, वरची झिजलेली माती फुगते आणि एका रात्रीत सबंध उतार सुटतो. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत चिपळूण पुराखाली होते आणि अनेक घाटरस्ते तुटले होते. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. या दुर्घटना पर्यटनामुळे झाल्या नाहीत. परंतु अशा दिवशी त्याच घाटात हजारो अनोळखी माणसे आणि त्यांच्या गाड्या अडकलेल्या असतील, तर बचावाचे काम किती अवघड होईल, हे आपण रुग्णवाहिकेच्या प्रसंगात अनुभवले आहे. जिल्हाधिकारी पावसाळ्यात काही धबधबे व वाटा बंद ठेवण्याचे आदेश काढतात, तेव्हा पायथ्याच्या गावाने त्यांना आडकाठी न समजता आपल्या बाजूचा कायदा समजावे.

आता उत्पन्नाचे पाहू. जुना तांडा पायथ्याच्या गावी मुक्काम करीत असे. बैलांना वैरण आणि पाणी लागे, नाल ठोकायला व सामान दुरुस्त करायला लोहार आणि चांभार लागत, माणसांना शिधा लागे, वाट दाखवायला माणूस लागे. म्हणजे मुक्कामाचा पैसा गावात अनेक हातांना मिळे. आजचा पावसाळी पर्यटक शहरातून खाणे-पिणे बांधून आणतो, दोन तास पाण्यात उभा राहतो, रिकाम्या बाटल्या टाकतो आणि अंधार पडण्यापूर्वी परततो. रस्त्याकडेला मक्याची कणसे आणि चहा विकणारे सोडले, तर गावाच्या हाती काही पडत नाही. मुक्काम नाही तेथे उत्पन्न नाही, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. ग्रामसभेने ठराव करून पावसाळ्यातील वाहने गावाबाहेर ठराविक जागी थांबवावीत, संख्येला मर्यादा घालावी आणि शुल्क लावावे. हे अशक्य नाही. साताऱ्याजवळ कास पठारावर फुलांच्या हंगामात संख्येवर मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क अशी पद्धत स्थानिकांच्या सहभागाने चालते. त्याच वेळी दिवाळीनंतरचा हंगाम उभा करावा. न्याहारी व निवास योजनेखाली चार-सहा घरांची नोंदणी करावी, जुन्या घाटवाटेची माहिती असणाऱ्या गावातील माणसांना वाटाडे म्हणून तयार करावे आणि येणाऱ्याला एक रात्र ठेवून घ्यावे. साहसी पर्यटनासाठी राज्याचे धोरण 2021 पासून आहे आणि गिरिभ्रमण आयोजित करणाऱ्या संस्थांनी त्यानुसार नोंदणी करणे अपेक्षित आहे. बाहेरून गट घेऊन येणाऱ्याला ही नोंदणी विचारण्यात संकोच करू नये, आणि गावचा वाटाडा घेतल्याशिवाय वाटेवर सोडू नये.

सुरुवातीची दोन-तीन वर्षे तरुणांचे उत्पन्न कदाचित घटेल. त्यांना ते आधीच सांगावे आणि पावसाळी शुल्कातील ठराविक हिस्सा त्यांच्याच हाती द्यावा. ते ठरावाच्या बाजूने राहतील, तरच ठराव टिकेल.

प्रश्न : सावंतवाडीहून बेळगावला जाण्याचा जुना घाट आंबोलीचाच काय?

उत्तर : नव्हे. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग रामघाटाचा. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली ती या मार्गाच्या जोरावर. आंबोलीचा, म्हणजे पारपोलीचा, गाडीरस्ता ब्रिटिश काळात झाला आणि रामघाट मागे पडला. आंबोलीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तेथील हिरण्यकेशीच्या कुंडात एका नव्या प्रजातीचा मासा सापडून 2020 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्या स्थळाला जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तो मासा त्या लहानशा पाण्यात राहतो. तेथे पाय धुऊ नयेत आणि निर्माल्यही टाकू नये.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने जुन्या घाटवाटेचे "सुशोभीकरण" करायचे ठरवले आहे. सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडे आणि माथ्यावर कमान असा आराखडा आहे. त्यात काही गैर आहे काय?

उत्तर : हेतू चांगला आहे, परंतु हा आराखडा अमलात आला, तर वाट सुधारणार नाही, ती नाहीशी होईल. जुन्या वाटेचे दगड चुन्या-सिमेंटाशिवाय एकमेकांत बसवलेले असतात. पाऊस त्यांच्या फटींतून झिरपतो आणि जेथे झिरपत नाही, तेथे तो आडव्या चरांनी बाजूला काढलेला असतो. त्यावर सिमेंटचा थर टाकला की पाणी वरून वेगाने धावते, थराच्या कडेने माती कापते आणि काही पावसाळ्यांत पायरी अधांतरी राहते. शिवाय शेवाळलेले सिमेंट कातळापेक्षा अधिक निसरडे असते. तांड्याच्या घाटांतील पायऱ्या बुटक्या आणि रुंद असतात, कारण त्या चार पायांच्या जनावरासाठी आहेत. त्यांचे माप बदलले की तो बैलांचा घाट होता, हे सांगणारा शेवटचा साक्षीदारही जातो.

दुरुस्ती करायचीच असेल, तर ती आपल्याच गावातील गडगा, म्हणजे दगडांचा कोरडा बांध, घालणाऱ्यांकडून करून घ्यावी. ढासळलेला दगड तेथेच पडलेला असतो. तोच उचलून पुन्हा बसवावा. किनाऱ्याकडून जांभ्याचे चिरे आणू नयेत, कारण वाट काळ्या कातळाची आहे. पाण्याचे टाके असेल, तर त्यातील गाळ काढावा, परंतु काढताना कोरीव दगड, मूर्तीचा तुकडा किंवा वीरगळ आढळला, तर तो जागेवरून हलवू नये. छायाचित्र काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे. मूर्तीला तेलरंग फासू नये, ही विनंती मी हात जोडून करतो, कारण असे रंगवलेले कित्येक मारुती आणि वीरगळ मी पाहिले आहेत आणि त्यांवरचे बारकावे कायमचे बुजलेले आहेत.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. घाटवाटा बहुधा वनखात्याच्या जमिनीतून जातात आणि तेथे पक्के बांधकाम 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखालील परवानगीशिवाय करता येत नाही. वाटेजवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल, तर त्यापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. आराखडा मंजूर होण्याआधी ग्रामसभेत या गोष्टी लेखी मांडाव्यात. कमानीसाठी ठेवलेल्या पैशांत माथ्यावर आणि पायथ्याशी एकेक साधा माहितीफलक, कचऱ्याची व्यवस्था आणि वाटाड्यांचे प्रशिक्षण होऊ शकेल.

प्रश्न : आमच्या घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत. त्यांना एखादा प्राचीन घाट दाखवायचा आहे, पण चढण झेपणार नाही. कोठे जावे?

उत्तर : नाणेघाटाला जावे, परंतु वरच्या बाजूने. कल्याण-मुरबाड रस्त्यावरील वैशाखरे गावाजवळून चढायला दोन ते तीन तास लागतात. आपण मात्र माळशेज घाटाने वर जाऊन जुन्नरला मुक्काम करावा आणि सकाळी घाटघरमार्गे घाटमाथ्यापर्यंत गाडीने जावे. तेथून रांजण अगदी जवळ आहे आणि लेखाची गुहा खिंडीतून थोडे उतरून आहे. तेवढे उतरणे दगडांवरचे असल्यामुळे आई-वडिलांना हात धरून सावकाश न्यावे. डिसेंबर किंवा जानेवारीचा आठवड्यातील मधला दिवस निवडावा. पिण्याचे पाणी बरोबर असू द्यावे. भिंतीवरील अक्षरांना हात लावू नये. सकाळचा तिरपा प्रकाश आत येत नसेल, तर विजेरी बाजूने धरावी, म्हणजे अक्षरे उठून दिसतात. आणि गुहेच्या तोंडाशी बसून खाली पाहावे. हवा स्वच्छ असेल, तर ज्या कोकणातून तांडे वर येत, ते समोर पसरलेले दिसते.